ऊस उभा होता

औंध,
९ जानेवारी २०२३

चि. सौ. विजयमाला हिला कृष्णातदादाचा आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर मला आता काही समजत नाही. पलटणीत सुरुंगाच्या कामावर होतो तेव्हापासून कान जात आले होते, ते आता पुरते गेले. कानात घालायचं मशीन घेतलं. त्यात वाऱ्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. समोर बसून कुणी सावकाश बोललं तर ओठांवरून थोडं कळतं. मोबाईलवर लिहावं तर तुझा मोबाईल घरात कुणाच्याही हातात असतो. म्हणून हे पत्र.

तुमच्या निंबसोंडच्या पुलावरून गाड्या जायला लागून चार वर्षं होत आली. पण मी बांधला तो पूल माझ्यापुरता अजून पुरा झालेला नाही. काम देणारं रस्ते मंडळ म्हणतं की ठेकेदारानं उशीर केला. उशिराचा दंड त्यांनी माझ्या शेवटच्या बिलातून कापून घेतला. माझं म्हणणं उलट आहे. पुलाला गावाकडून जोडणारा रस्ता तुमच्या रानातून जायचा होता. ते रान मंडळानं मला वेळेत दिलंच नाही. दंड परत करा, आणि माझी माणसं, माझं मशीन बसून राहिलं त्याची भरपाई द्या, असं मी मागतोय. भांडण लवादापुढं आहे, म्हणजे दोघांनी मिळून नेमलेला पंच. निवृत्त न्यायाधीश आहेत. सांगलीत सुनावणी चालते.

आता मुद्द्याचं. मंडळानं एक ताबापावती पुढं केलीय. तिच्यावर तुझे सासरे हंबीरराव आबा यांची सही आहे आणि तारीख काम सुरू व्हायच्या आधीची आहे. म्हणजे कागदावर रान मोकळं होतं आणि मी दोन पावसाळे झोपा काढल्या. विजू, तिथं ऊस उभा होता. सगळ्या गावानं बघितलाय. माझ्याकडं फोटो आहेत, तर मंडळाचे वकील म्हणतात, फोटोतला ऊस कुणाच्या गटातला कशावरून? मी मंडळाला पत्रं दिली होती, त्याचं उत्तर साहेबांनी दर वेळी तोंडी दिलं. तोंडी उत्तराला पोच नसते.

माझ्या वकीलबाई, अपेक्षा त्यांचं नाव, वयानं लहान पण डोक्यानं शांत आहेत. त्या म्हणतात, गावातलं कुणीतरी येऊन सांगायला हवं. मागच्या महिन्यात गावात येऊन गेलो. तुझ्याकडं मुद्दाम आलो नाही. सगळे चहा पाजतात. उसाचं नाव काढलं की म्हणतात, "आबास्नी इचारा."

आबांनी जादा पैशासाठी रान अडवलं असं मी समजून आहे. त्याचा राग नाही. ज्याची जमीन त्यानं मागावं. एवढंच विचारून बघ, ते लवादापुढं खरं सांगतील का?

तुझा,
कृष्णातदादा

*

निंबसोंड,
२४ जानेवारी २०२३

ती. कृष्णातदादा यांना विजयमालाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शेणी लावत होते. पोस्टमननं हात बघितले आणि पाकीट कठड्यावर ठेवून गेला. हात धुऊन वाचलं आणि तिथंच बसून राहिले. तुमचे कान इतके गेलेत हे मला कुणी सांगितलं नाही.

आबांना विचारलं. लगेच नाही, चार दिवस जाऊ दिले. हे तालुक्याला गेले होते तेव्हा विचारलं. हे, म्हणजे वीरधवल, पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून घरीच असतात, त्यांच्यासमोर हा विषय काढता येत नाही. का ते पुढं कधी सांगेन.

आबा म्हणाले, "माझी सही खोटी पाडाय निघालाय व्हय तुझा भाऊ?"

मी म्हटलं, "सही खोटी न्हवं आबा, तारखंला रान मोकळं नव्हतं एवढंच सांगायचंय."

"सही हाय म्हंजे रान दिलं."

दादा, तुम्ही एक चुकीचं समजून चाललाय ते सांगते. आबांनी जादा काही मागितलं नव्हतं. मंडळाचा माणूस आमच्या सोप्यात बसून म्हणाला होता, "आधी पावतीवर सही करा, सही झाली की महिन्यात चेक." मी चहा घेऊन गेले होते, माझ्या समोरची गोष्ट आहे. आबांनी विश्वासानं सही केली. महिना गेला, दिवाळी गेली, चेक नाही. मग आबा म्हणाले, पैसे हातात पडल्याशिवाय उसाला कोयता लागणार नाही. अख्ख्या गावाला सल्ला देणारा माणूस. आपण सही आधी देऊन फसलो हे कुणाला सांगणार? तुम्हाला तर नाहीच, तुम्ही पाहुणे. म्हणून तुम्ही रान मागायला आलात की आबा नुसते उठून आत जायचे.

ते काही लवादापुढं येणार नाहीत. मला क्षमा करा.

तुमची,
विजू

*

औंध,
६ फेब्रुवारी २०२३

चि. विजूस आशीर्वाद.

तुझं पत्र अपेक्षाबाईंना दाखवलं नाही, सांगितलं मात्र. त्यांनी दोनदा विचारलं, "सही आधी, चेक नंतर, हे त्यांच्या सुनेनं स्वतः ऐकलंय?" मी हो म्हटलं. त्या हळूच म्हणाल्या, मग त्यांनाच का नाही आणत?

मी नाही म्हणालो. पण ते तुला न सांगणंही बरोबर वाटत नाही.

इतकी वर्षं मी आबांना मनात काय काय म्हणून घेतलं. त्यांचा चेक अडवला मंडळानं, माझा पूल अडला, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं पाठ करून बसलो. मंडळ सांगलीत पंख्याखाली.

तुला ते दिवस आठवत असतील. पलीकडून विट्याच्या बाजूनं रस्ता झाला, पूल झाला, आणि अलीकडं तुमच्या बाजूला येऊन अधांतरी तुटल्यासारखा. गावातल्या पोरांनी बांबूची शिडी लावली. येरळा नदीला पाणी आलं की खालचा जुना फरशीपूल बुडायचा आणि बायका डोक्यावर दुधाच्या किटल्या घेऊन शिडीनं पुलावर चढायच्या. मला बघवायचं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये माझा मशीनवाला धनाजी, माणदेशातला, आणि मी समोरासमोर बसायचो. तो म्हणायचा, "मालक, मशीनला बी गंज चढतुय आन् मला बी."

लवादापुढं दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतात. उशीर कुणामुळं झाला आणि त्यानं माझं नुकसान नेमकं किती झालं. दुसरीचे कागद माझ्याकडं निम्मेशिम्मे आहेत. शिपाईगडी मी, काम करायला शिकलो, काम थांबल्याचा पुरावा ठेवायला कुणी शिकवलं नाही. पहिली गोष्ट मात्र हातात यावी असं वाटतं.

आणखी एक. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी दहाव्याला आलो होतो. वीरधवलराव माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुःखात असतील म्हणून सोडून दिलं. जाताना पाहिलं तर रानातला ऊस तोडलेला. भर पावसाळ्यात कारखाना कुठला, नव्या लावणीच्या बेण्याला तोडला असेल असं वाटलं. रान मोकळं दिसलं, दुसऱ्या आठवड्यात मी भराव घालायला घेतला. आबांनी अडवलं नाही. तो ऊस का तोडला होता, तुला माहीत आहे का? अपेक्षाबाई विचारत होत्या, रान नक्की कुठल्या दिवशी मोकळं झालं.

कृष्णातदादा

*

निंबसोंड,
२८ फेब्रुवारी २०२३

ती. दादांना नमस्कार.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं.

ऊस बेण्याला तोडला नव्हता.

त्या सकाळी माझ्या सासूबाईंच्या, आत्तींच्या छातीत दुखायला लागलं. रात्रभर पाऊस होता, फरशीवरून पाणी चाललेलं. विट्याहून ॲम्ब्युलन्स आली ती पुलाच्या पलीकडं येऊन थांबली. पुलावरून अलीकडच्या टोकाला आली तरी तिथून खाली आमच्यापर्यंत वाट नाही. आत्ती अंगानं जड. त्यांना खाटेवर घेऊन चिखलातून, उसातून शिडीपर्यंत कसं न्यायचं? माणसं नुसती ओरडत होती. तेवढ्यात आबा घरात गेले आणि कोयता घेऊन आले. कुणाशी न बोलता आपल्या उसात शिरले आणि तोडायला लागले. मग सगळेच तोडायला लागले. मी पण. ओला ऊस, पाती तोंडाला कापत होती. ट्रॅक्टर जाईल एवढी वाट केली. आबा मागं बघत नव्हते, नुसतं म्हणत होते, "आटपा रं, आटपा."

ट्रॅक्टर पुलाच्या पायथ्याला लागला. पण पूल वर, आम्ही खाली. भरावच नाही तर ट्रॅक्टर वर चढणार कुठून? खाट दोरानं वर ओढली. पोरांनी शर्थ केली. आत्ती वर पोचल्या तेव्हा माझ्याकडं बघत होत्या. ॲम्ब्युलन्सचं दार लावेपर्यंत संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी गडी लावून उरलेला ऊस काढून टाकला. चेक यायला त्यानंतरही सहा महिने गेले. तुम्हाला रान मोकळं मिळालं ते असं.

हे तेव्हा सिक्कीमला होते. तीन दिवसांनी पोचले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पूल हाय, मग रस्ता का न्हाई?" आबांनी कपाटातून ताबापावतीची प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली. म्हणाले, "मी रान कवाच दिलंय. ठेकेदारानं काम केलं न्हाई." मी दारात उभी होते. आबांनी माझ्याकडं बघितलं. दादा, मी गप्प बसले. म्हाताऱ्याच्या हातावर अजून उसाचे काप होते, मी काय बोलणार होते? गावानंही तेच केलं. आबांच्या तोंडावर कुणी काढलं नाही आणि ह्यांच्या कानावर कुणी घातलं नाही.

म्हणून हे तुमच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या हिशोबी त्यांची आई तुमच्यामुळं गेली.

आता सांगा, मी लवादापुढं येऊन काय सांगू?

विजू

*

औंध,
१० मार्च २०२३

चि. विजू,

पत्र वाचून दोन दिवस मी यमाईच्या डोंगराखाली नुसता जाऊन बसत होतो. माणसं बोलवायची, मला ऐकू येत नाही ते बरं झालं असं पहिल्यांदा वाटलं.

त्या आठवड्यात धनाजी आणि मशीन तिथं नव्हतं. बसून राहून डिझेलचेही पैसे निघेनात, म्हणून शेततळं खोदायला मी त्यांना फलटणकडं पाठवलं होतं. हे तुला माहीत असेल.

अपेक्षाबाईंना सांगावं लागलं. त्यांचं म्हणणं असं की रान मोकळं झाल्याचा याहून पक्का दिवस मिळणार नाही. मृत्यूचा दाखला लागेल. हे सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, वहीत बघून बोलल्या. आणि त्या एक गोष्ट म्हणाल्या ती मी तुला लिहितो. चेक वेळेवर मिळाला असता तर आबांनी ऊस ठेवला असता का? नसता ठेवला. मग उशीर आबांचाही नाही आणि ठेकेदाराचाही नाही. त्या हे खटल्यासाठी बोलत होत्या. मला वाटलं, हे आबांना कुणी सांगितलंय का?

तरीपण तू येऊ नकोस. वीरधवलरावांना आधी घरात सांगितल्याशिवाय तर अजिबात नको. तिथं परक्या माणसांत बसून ऐकण्यापेक्षा घरात तुझ्या तोंडून ऐकतील ते चांगलं. तू नाही म्हणालीस तर मी कधी विचारलंच नव्हतं असं समज. दंड गेला तर गेला, मी मशीन विकून ज्याचं त्याला देईन.

दादा

*

निंबसोंड,
२ मे २०२३

ती. दादांना नमस्कार.

दाखला सोबत ठेवलाय. मी येते. तारीख कळवा. हे मला गाडीतून आणतील. वकीलबाईंचं काम आहे, माझी साक्ष आहे, एवढं त्यांना सांगितलंय.

विजू

*

औंध,
१९ जून २०२३

चि. विजू,

परवा सांगलीत तू साक्ष दिलीस आणि मला काहीच कळलं नाही.

तू खुर्चीवर बसलीस, पदर नीट केलास. अपेक्षाबाईंनी विचारलं तोवर तुझे ओठ मला दिसत होते. ऊस म्हणालीस, चेक म्हणालीस, ते कळलं. मग मंडळाचे वकील उठले आणि माझ्या आणि तुझ्या मधेच उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. ते हात हलवत होते. न्यायाधीश साहेबांनी लिहिणं थांबवून वर बघितलं. मागं वळलो तर वीरधवलराव खुर्ची सरकवून उठले होते. खुर्ची पडली असावी, सगळ्यांनी वळून बघितलं. ते बाहेर गेले ते परत आले नाहीत. त्यानंतर अपेक्षाबाईंनी एकदा कपाळाला हात लावला. तू रडत नव्हतीस, पण तुझा चेहरा आपल्या आत्याच्या मयताच्या वेळेसारखा झाला होता.

नंतर अपेक्षाबाई म्हणाल्या, "ताईंनी खरं सांगितलं," आणि पुढं काही सांगेनात. मी बाहेर आलो तर गाडी नव्हती आणि तू पण नव्हतीस.

वीरधवलरावांना माझा राग आलाय हे समजतं. तो येऊ दे. पण तू त्यांना आधी सांगितलं नव्हतंस का?

दादा

*

निंबसोंड,
४ जुलै २०२३

ती. दादांना नमस्कार.

नाही सांगितलं. रोज सकाळी ठरवायची, रोज राहून जायचं. तुम्ही लिहिलं होतं आणि मी त्याला उत्तरच दिलं नाही, तेव्हाच तुम्हाला कळायला हवं होतं.

वकिलानं विचारलं, "पावतीवरची सही तुमच्या सासऱ्यांचीच ना?" मी हो म्हटलं. "म्हणजे तुमचे सासरे खोटं लिहून देतात?" मी म्हटलं, "ते खरं मानून सही करून बसले. खोटं बोलला तो चेक देतो म्हणणारा." मग त्यानं दाखला हातात घेतला. म्हणाला, "जमीन तुमच्या सासऱ्यांनी अडवली, त्यामुळं रस्ता झाला नाही, त्यामुळं तुमच्या सासूबाई दगावल्या. आता घरातला दोष मंडळावर ढकलायला आलात, असंच ना?"

तेव्हा हे उठले. दादा, ते तुमच्यावर रागावून नाही गेले.

मी म्हटलं, असं नाही साहेब. त्या दिवशी आबांनी स्वतः ऊस तोडला. पैसे मिळायच्या आधी तोडला. रस्ता करता आला असता तर त्यांनी हातानं केला असता. मग तो म्हणाला, "ठेकेदाराचं मशीन तिथं होतं म्हणता, मग त्यानं माती लोटून वाट का नाही केली?" मी बोलून गेले, "मशीन तिथं नव्हतं हो. फलटणला गेलेलं. असतं तर आत्ती वाचल्या असत्या." तो हसला आणि खाली बसला. मी काय बोलले ते वकीलबाईंच्या कपाळाला हात गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मशीन बसून राहिल्याचे पैसे तुम्ही मागताय आणि तुमचीच साक्षीदार सांगतेय की मशीन दुसरीकडं होतं. दादा, तुमचं किती नुकसान केलं मी?

बाहेर आले तर हे गाडीत बसले होते. तासगाव गेलं, विटा गेलं, गाडी कुठं थांबवली नाही. घरी आल्यावर सरळ आबांच्या पुढ्यात उभे राहिले.

"आबा, ऊस उभा हुता?"

आबा म्हणाले, "व्हय."

"मग मला कागूद का दाखवलासा?"

"तुला काय सांगू?" आबा म्हणाले. "पैशापायी वाट आडवली आन् तुझ्या आईला घालवली, आसं सांगू?"

ह्यांचा आवाज चढेल असं मला वाटलं होतं. हे खाली बसले. म्हणाले, "पैसं तुमचं हुतं. त्येंनी द्याचं हुतं. त्येंनी दिलं न्हाई." आणि तेच परत परत म्हणत राहिले. आबा रडले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आत्ती गेल्या तेव्हाही नाही.

माझ्याशी मात्र हे अजून नीट बोलत नाहीत. "तू बी?" एवढंच विचारलं मला.

विजू

*

औंध,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. विजूस आशीर्वाद.

वर्षभर तुला निकालाचं पान सोडून काही पाठवलं नाही, रागावू नकोस. सांगण्यासारखं काही हातात नव्हतं.

मशीनबद्दल तू मनाला लावून घेतलंस ते सोड. फलटणचे दिवस वजा करून निकाल लागला. तू खरं सांगितलंस म्हणून न्यायाधीश साहेबांनी तुझं बाकीचंही खरं धरलं, असं अपेक्षाबाई म्हणतात. माझ्या शेडचा, माणसांच्या पगाराचा खर्च मात्र नामंजूर झाला. पुरावा नाही. धनाजीला मी हातात पैसे द्यायचो, तो अंगठा कुठं करणार होता? दंड परत द्यावा, मशीनचे थोडे, त्यावर व्याज, एवढं मंजूर झालं. आणि आबांबद्दल लिहिलेलं ते पान, जे मी त्यांच्यासाठी झेरॉक्स करून पाठवलं.

पण मंजूर होणं आणि मिळणं यात फार अंतर असतं. मंडळ निकालाविरुद्ध कोर्टात गेलं. तारखा पडतायत. मशीन मी वैशाखात विकलं. घेणाऱ्यानं धनाजीलाही ठेवून घेतलं, तेवढं बरं झालं. विट्याचा लोखंडाचा व्यापारी सज्जन माणूस आहे, दिवाळीला फराळ पाठवतो आणि उधारीची आठवण करत नाही. त्याचंच जास्त ओझं वाटतं.

आता मंडळाचा निरोप आलाय, आपसात मिटवू. मंजूर झालेलं सगळं व्याजासकट लगेच देतो, कोर्टातलं आम्ही काढून घेतो. फक्त तडजोडीच्या कागदात एक ओळ असेल की जमिनीचा ताबा पावतीवरील तारखेसच मिळाला होता हे ठेकेदारास मान्य आहे. त्यांच्या साहेबांवर चौकशी येऊ नये म्हणून. तो कागद झाला की लवादाचा निकाल राहत नाही, त्याच्या जागी हा कागद राहतो.

अपेक्षाबाई म्हणाल्या, लढलो तर बहुतेक जिंकू, पण किती वर्षं ते सांगता येत नाही. मी दमलोय विजू. पण आबांना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही.

दादा

*

निंबसोंड,
३० नोव्हेंबर २०२४

ती. दादांना नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं ते पान आबांना मी कितीदा वाचून दाखवलं ते तुम्हाला माहीत नाही. "मोबदला न मिळाल्याने भूधारकाने ताबा न देणे रास्त होते. विलंबास मंडळ जबाबदार आहे." भूधारक म्हणजे कोण, असं आबा दर वेळी विचारतात. मी सांगते, तुम्ही. मग म्हणतात, "रास्त म्हणलंय न्हवं?" मी म्हणते, रास्त म्हटलंय.

तुमचं पत्र ह्यांनीच वाचून दाखवलं. आजकाल तुमची पत्रं हे आधी उघडतात. आबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "त्येला म्हणावं सही कर आन् पैसं घे. माझ्या पोरानं ऐकलं, बास झालं. कागदावर काय का ऱ्हाईना."

हे मधेच बोलले, "आबा, त्या कागदावर परत आसंच हुईल, की रान मोकळं हुतं आन् कृष्णातदादानं काम केलं न्हाई."

आबा म्हणाले, "व्हय. पर त्यो किती दिस लढंल? कान गेलं त्याचं."

हाच आमचा निरोप समजा. आणि हे तुम्हाला दादा म्हणाले, ते मी मुद्दाम लिहिलंय.

विजू

*

औंध,
२१ जानेवारी २०२५

चि. विजूस आशीर्वाद, वीरधवलरावांना नमस्कार, आबांना साष्टांग.

मागच्या आठवड्यात मिटलं.

मंडळाचे वकील तडजोडीचा कागद वाचून दाखवायला लागले. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, हातात द्या. ती ओळ तिसऱ्या पानावर होती. आबा घे म्हणालेत ते मला माहीत होतं. घ्यायचंच ठरवून घरातून निघालो होतो, पेनही काढलं. पण माझ्या सहीनं तिथं ऊस नव्हता असं लिहायचं, आणि तो तोडताना तुझ्या तोंडाला पाती कापत होती हे मला ठाऊक असताना लिहायचं, हात चालेना. मी पेन खाली ठेवलं. अपेक्षाबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्या वकिलांना घेऊन बाहेर गेल्या. मी तासभर एकटाच बसून होतो.

परत आल्या त्या कागदावर लिहूनच आल्या. ओळ काढतो म्हणतात, व्याज सोडा. मी त्यांच्याकडचा कागद घेऊन खाली लिहिलं, सोडलं. आता त्या कागदात ताब्याचं काहीच नाही, होता असंही नाही आणि नव्हता असंही नाही. लवादाचं पान कायद्यानं गेलं, पण तुमच्याकडची झेरॉक्स काही कुणी मागायला येणार नाही. मंडळाच्या फायलीत ती जुनी पावती तशीच राहील. तिला मी काही करू शकलो नाही, एवढं आबांना खरं सांग.

आलं त्यातून आधी विट्याचा व्यापारी, मग धनाजीचा राहिलेला पगार. तो घेईना, म्हणाला, "मालक, ते नामंजूर झालंय न्हवं?" त्याच्या खिशात कोंबला. उरलं ते फार नाही, पण कुणाचं नाही.

सही करून बाहेर आलो तेव्हा अपेक्षाबाई जिन्यात काहीतरी म्हणाल्या. मी परत विचारलं नाही. मान हलवली आणि स्टँडवर आलो. गाडीत बसल्याबरोबर झोप लागली. विट्याला कंडक्टरनं हलवून उठवलं, तेव्हा गाडी रिकामी झाली होती.

दादा